काट मारलेलं प्रकरण

डोळा लागतोय लागतोय म्हणता सोपानरावांचा पाय झटक्यानं हलतो आणि झोप पुन्हा दाराशीच थांबते. दुपारचं जेवण झालंय, पंखा गरगरतोय, पडदे ओढलेत. माणसाला झोपायला आणखी काय हवं असतं? पण मनाला टोचणी लागलीय. उद्या बायकोचं वर्षश्राद्ध. उद्याच तिचं पुस्तक इंटरनेटवर चढवायचं सगळ्या गोतावळ्याला कबूल केलंय, आणि त्यातलं एक प्रकरण ठेवायचं की काढायचं, तेच अजून ठरत नाही.

झालं ते असं. प्रमिलाबाई म्हणजे फलटण तालुक्यात जन्म काढलेल्या नर्सबाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी वर्डमध्ये टाईप केल्या. प्रकाशकाच्या दारात जायचं नाही, आपलं पुस्तक आपण काढायचं, हा त्यांचाच हट्ट. त्या गेल्या आणि फाईल सोपानरावांच्या गळ्यात पडली. एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला कुठला फॉरमॅट आणि कुठलं काय! पण हटला नाही पठ्ठ्या. फुकटचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, बायकोची फाईल न वाचताच त्यात टाकली, पुन्हापुन्हा बिघडवली, पुन्हापुन्हा टाकली. समास उधळले, शीर्षकं भलतीकडे गेली. अखेर परवा ई-पुस्तक तयार झालं. ते वाचता वाचता मधेच 'वेळूसरी' नावाचं प्रकरण समोर आलं.

वेळूसरी हे डोंगरातलं गाव. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर प्रमिलाबाई बदली मागून तिथल्या उपकेंद्रावर एकट्या जाऊन राहिल्या होत्या. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लोकांना कारणच सापडेना, म्हणून लोक जास्तच चेकाळले. दोनेक वर्षांनी जशा गेल्या तशाच त्या परत आल्या, आणि घरात त्यावर कुणी कधी ब्र काढला नाही. त्या दिवसांचं हे प्रकरण. सोपानरावांनी ते एका बैठकीत वाचलं. ती समोर बसून सांगतेय असंच वाटलं त्यांना. रडू आलं, दोनदा हसूही आलं. मग शुद्धलेखन ताडून बघायला म्हणून मूळ फाईल उघडली, तर काय! ओळीओळीवरून आडवी रेघ. बाईंनी सगळं प्रकरण काट मारून ठेवलेलं. फाईल बदलताना रेघा गळून पडल्या आणि खालचा मजकूर तेवढा धडधाकट बाहेर आला.

पुण्याहून लेक, शुभदा, फोनवर म्हणाली, "आईनंच खोडलंय ना? मग काढा ते, बाबा. गावाला कशाला पुन्हा चघळायला द्यायचं?" तिचंही बरोबरच. आई घरात नसताना तिनं दहावीची परीक्षा दिली होती.

सोपानराव कूस बदलतात. उशी गरम झालीय. उलटी करतात, तर ती बाजूही गरम.

"अहो, सरका जरा."

सोपानराव सरकतात. सवयच ती. मग लक्षात येतं, की आपण एसटीच्या बाकावर सरकलोय, मांडीवर लॅपटॉप आहे, आणि खिडकीपाशी प्रमिलाबाई लसीचा निळा डबा पोटाशी धरून बसल्यात. वय काही नीट कळत नाही. गाडी वळली की चाळिशीच्या दिसतात, सरळ झाली की शेवटच्या दिवसांतल्या.

"अगं, तू गेलीस ना?"

"गेले की. गाडीत जागा दिसली, बसले."

लॅपटॉपवर फाईल बदलतेय. हिरवी पट्टी शेवटाशी येते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून निघते. बाहेर भोंग्यावर कुणीतरी गाडी पुकारतंय: वेळूसरीला जाणाऱ्या प्रवाशांनी... आवाज सोपानरावांचाच. मी तिथं पुकारतोय, तर इथं कोण बसलंय? ते घाबरून मागं वळून बघतात. मागच्या बाकांवर माणसं नाहीत. प्रकरणातल्या ओळी बसल्यात, खांद्याला खांदा लावून, प्रत्येकीच्या अंगावर कंडक्टरच्या पट्ट्यासारखी एक आडवी रेघ. गाडी खड्ड्यात आदळते आणि सगळ्यांचे पट्टे गळून पडतात.

"आवर त्यांना!" सोपानराव ओरडतात.

"मी कशाला आवरू? तुम्ही आणलंत त्यांना."

आता बाक नाही, दगडी पायरी आहे. नर्सबाईंच्या क्वार्टरची. सोपानरावांच्या हातात भाजीची पिशवी, आत स्टोव्हचा भरभर आवाज, आणि शेवटची गाडी चुकेल की काय म्हणून जीव वरखाली. शनिवार असणार.

"दर शनिवारी यायचात," प्रमिलाबाई आतून म्हणतात. "इथंच बसायचात. पण 'चल' म्हणायचा नाहीत."

"वाचलं मी. म्हणालो असतो तर तू कधीच आली नसतीस, असं लिहिलंयस."

"नसतेच आले."

इतकी वर्षं हा भला माणूस स्वतःला नेभळट समजत होता. बायकोला चल म्हणायची छाती नव्हती, असं लोक म्हणाले आणि यानं ते खरं मानलं.

"मग एवढं लिहून काट का मारलीस?"

"तुम्ही वाचाल म्हणून."

"मग पुसून का नाही टाकलंस?"

"तुम्ही वाचाल म्हणून."

"हे काय गं! काहीतरी एक सांग."

"दोन्ही खरंय. त्याला मी काय करू?" चहाची कपबशी पायरीवर येते. चहात साखर बेताची, तिच्या हातची. सोपानरावांना इतकं बरं वाटतं, की भीतीच वाटते.

ते उठतात तर पायरीचा शाळेचा व्हरांडा झालेला. पोलिओ रविवार. पोरांची ही लांबलचक रांग, आणि कमरेएवढ्या पोरांत सोपानराव उभे. टेबलामागं प्रमिलाबाई. मागून पोरं ढकलतायत, पुढची हलत नाहीत.

"प्रमिला, उद्या चढवायचंय. ठेवू की काढू? एवढं एक सांग, मग जा."

"शुभदा काय म्हणते?"

"काढा म्हणते. तिच्या मनात राग आहे गं अजून."

"असू दे. हक्काचा आहे. पण लोकांच्या आधी तिला वाचायला द्या." डब्यातली बाटली काढता काढता त्या वर बघतात. "आणि तुमचं काय? फाईल बदलताना रेघा गळल्या, तेव्हा त्या पुन्हा मारायला हात उचलला का तुमचा?"

सोपानराव विचार करतात. "नाही."

"मग मला कशाला विचारताय? आ करा."

ते निमूट आ करतात. जिभेवर गार थेंब पडतात. प्रमिलाबाई त्यांचा डावा हात ओढून घेतात आणि करंगळीच्या नखावर काळ्या पेनानं रेघ ओढतात.

"हे कशाला? मी काय लहान आहे?"

"खूण केली की दुसरी कुणी येऊन पुन्हा तोंड उघडायला लावत नाही. तुम्हाला विचारून झालं. पुढचा!"

"प्रमिला, थांब जरा..."

"अहो, रांग अडवू नका. पोरं खोळंबलीत."

पोरं त्यांना बाजूला लोटतात. टेबल मागं मागं जातं आणि शाळेची घंटा वाजते, थांबत नाही, वाजतच राहते.

फोन आहे. सोपानराव धडपडून उठतात. घामानं बनियन भिजलंय.

"बाबा, काढलंत ना ते?" शुभदा.

"नाही." आपला आवाज इतका ठाम निघालेला त्यांनाच नवीन. "तुला पाठवतोय. लोकांच्या आधी तू वाच. मग हवं तेवढं भांड माझ्याशी."



"माझ्याबद्दल आहे का काही त्यात?"

"आहे. पहिल्या पेपराला ती तुझ्या शाळेसमोर आली होती. तुझं लक्ष उडेल म्हणून पिठाच्या गिरणीत उभी राहिली. तू आत जाताना पाहिलं तिनं तुला. पाण्याच्या बाटलीची निळी पट्टी गळ्यात अडकवून चालली होतीस म्हणे."

शुभदा नाक ओढते. "पाठवा," एवढंच म्हणते आणि फोन ठेवते.

सोपानराव पडदा सरकवतात, लॅपटॉप पुढ्यात ओढतात. पाठवायचं बटण दाबायला हात पुढं करतात आणि थबकतात. डाव्या करंगळीच्या नखावर काळी रेघ आहे, मुळापासून टोकापर्यंत. ते अंगठ्यानं ती घासून बघतात, आणि अंगठ्याला ओली शाई लागते.