कुरडईच्या चिकाची तुर्की वडी

माझ्या हातच्या कुरडईची कीर्ती मिरजगावात कुणाला सांगावी लागत नाही. तेलात सोडली की कढई लहान पडते. एकदा एक कुरडई अशी फुलली की तिच्या सावलीला आमची मांजर दुपारभर झोपली होती. मांजरीचं तेवढं मी वाढवून सांगते, बाकी सगळं खरं आहे.

तर अशा बाईला काष्टीच्या भर बैठकीत कुणीतरी शिकवायला निघालं.

लेकीच्या लग्नाच्या याद्या करायला आम्ही काष्टीला गेलो होतो. दोन्हीकडची माणसं समोरासमोर सतरंजीवर बसली, कुणी काय करायचं ते कागदावर लिहिलं गेलं, शेवटी चहा आला. चहाबरोबर नवऱ्यामुलाच्या आत्यानं पर्समधून एक डबी काढली. ही आत्या पुण्याला असते. नुकतीच एका टूरबरोबर तुर्कस्तान बघून आली होती, आणि तुर्कस्तान तिच्या बोलण्यातून अजून उतरलं नव्हतं. डबीत गुलाबी चौकोनी तुकडे होते, पिठीसाखरेत लोळवलेले.

"टर्किश डिलाइट," ती म्हणाली. मग सुरी मागवून एकेका तुकड्याचे चार-चार केले आणि सगळ्या बायकांना वाटले. माझ्या वाट्याला जे आलं ते दाताच्या फटीत बसलं आणि संध्याकाळी चूळ भरताना सापडलं. पण चव कळली. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू.

"विहीणबाई," आत्या म्हणाली, "रुखवतात असलं काहीतरी मांडा. ते कुरडया-पापडाचे ढीग नका लावू. आमच्यात आता कुणी खात न्हाई, आन फोटोत पण बरं दिसत न्हाई."

"असलं म्हंजे विकतचं?" मी विचारलं.

"मग? हे काय घरी व्हायचंय का कुणाला."

मी हसून वेळ मारून नेली. मला बोलता येत नाही असं नाही. मी बोलायला लागले तर काष्टीचा बाजार उठतो. पण लेकीची सासरची माणसं, पहिलीच बैठक, म्हणून जीभ दाताखाली धरली. जिभेला आजही तिथं खड्डा आहे.

परत येताना जीपमध्ये लेक खिडकीशी बसली होती. बारावीपर्यंत कर्जतला आणि पुढं पुण्याला शिकलेली पोर. श्रीगोंदा मागं पडलं. मग बाहेरच बघत म्हणाली, "आई, रुखवतात कुरडया नको मांडायला."

एवढंच. पण तिला आत्याचा राग आला नव्हता. तिला माझी लाज वाटली होती. हीच पोर पाच वर्षांची असताना शिजलेल्या चिकाची वाटी घेऊन गच्चीवर पळायची आणि दुसरी मागायला मिशा पांढऱ्या करून यायची. आता आईच्या हाताची लाज पदरात बांधून सासरी निघाली होती. लाज एकदा पदरात बांधली की बाई जन्मभर तिथं मान खाली घालून स्वयंपाक करते. मी अशा बाया पाहिल्यात. माझी पोर त्यांच्यात जायची नव्हती.

पुढच्या सीटवरून आमचे हे म्हणाले, "येवढं काय त्यात. नगरहून दोन डब्या आणू तसल्या."

"विकतचंच मांडायचं तर रुखवत कशाला म्हनायचं," मी म्हणाले. "दुकान म्हना. मी गल्ल्यावर बसते, तुमी शटर लावा."

ह्यांनी मिरजगाव येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला मोबाईलवर ती मिठाई कशी करतात ते लावायला सांगितलं. तिनं तोंड वाकडं करत लावलं. एक गोरा, ढेरपोट्या माणूस भल्यामोठ्या तांब्याच्या कढईत काहीतरी ढवळत होता. एका हातानं नाही, अख्ख्या अंगानं. अंगाला झोका देऊन, पाय रोवून. मी त्याचे खांदे बघितले आणि मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

"हे पांढरं काय वततोय गं त्यो?"

"स्टार्च."

"म्हंजे?"

"गव्हाचं, मक्याचं असतं. पीठ पाण्यात कालवलं की खाली बसतं ना, ते."

मी थोरल्या जावेकडं बघितलं. तिला मी आक्का म्हणते. मी शंभर शब्द बोलते तेव्हा आक्का एक बोलते, आणि तो शंभरांना पुरतो.

"चीक," आक्का म्हणाली.

झालं. तिथून पुढं मला कुणी थांबवू शकत नव्हतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून घ्यायचे, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि तळाशी जो शुभ्र घट्ट थर राहतो तो चीक. त्या चिकात माझी हयात गेली. मी आजवर जेवढा चीक ढवळला तेवढा एके ठिकाणी ओतला तर सीना धरण भरून वाहील. आणि तो तुर्की बाप्या चीक ढवळून डबीत भरतो, तर ती डबी विमानातून येते. मी ढवळते तर म्हणे फोटोत बरं दिसत नाही.

एप्रिल संपत आला होता. तशीही कुरडया घालायची वेळ होतीच. मी चार पायली गहू भिजत घातले. लेक म्हणाली, "कुरडया नको म्हणाले ना मी." मी म्हणाले, "घरात खायला. रुखवतात मांडायचं का न्हाई ते तू ठरव. तुझं रुखवत हाय." शब्द दिला तो दिला.

पहिल्या खेपेला काय झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही. चीक उकळत्या पाण्यात ओतला आणि हात आपोआप मिठाच्या बरणीत गेला. चाळीस वर्षं चिकात मीठ घालणारा हात, त्याला काय माहीत हे तुर्कस्तानचं आहे. मीठ पडलं, पाठोपाठ हिंगही पडला. वर गोळीबंद पाक. हिंगाची मिठाई आमच्या ह्यांनी तोंडात घेतली, आणि नवरा-बायकोच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. म्हशीनं खाल्ली. दूध तीन दिवस पचन सुधारणारं आलं.

दुसऱ्या खेपेला मीठ-हिंगाच्या बरण्या आक्कानं कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मिठाई झकास झाली. वड्या पाडल्या. आणि मग आम्ही दोघींनी, कुणी कुणाला काही न सांगता, गच्चीवर जुनी चादर अंथरली आणि वड्या उन्हात वाळत घातल्या.

हसा. पण आमच्याकडं चिकाचं जे जे होतं ते गच्चीवर जातं. त्यात विचार करायचा नसतो. मे महिन्यातलं कर्जत तालुक्यातलं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, दुपारी गच्चीवर चपाती ठेवली तर दुसरी बाजू उलटायला जावं लागतं. तासाभरात वड्यांचा चिखल झाला, चिखलाची चादर झाली. मुंग्या आल्या त्या मिरजगावच्या नव्हत्या, करमाळ्याकडच्या असाव्यात, चालीवरून कळत होतं. एक कावळा येऊन बसला तो उठेना. शेवटी चादरीचा कोपरा कापून त्याला मोकळा केला. त्या तुकड्यासकट उडाला. गावात अजून कुठंतरी त्याच्या पायात आमची फुलाफुलांची चादर आहे.

लेक जिन्यात उभी राहून हे बघत होती. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती.

"आई, बस झालं आता. पप्पा आणतील नगरहून."

"आणू दे की," मी म्हणाले. "त्या डबीवर तुज्या आईचं नाव लिहिलेलं असंल का?"

ती खाली जाऊन मोबाईल घेऊन बसली, आणि संध्याकाळी आपण होऊन म्हणाली की वाळवायचं नसतं. सावलीत, उघडं, परातीत रात्रभर ठेवायचं. फ्रिजमध्येही नाही. आणि पाकात लिंबू पिळायचं, म्हणजे पाकाची परत साखर होत नाही.

"लिंबू कशाला," आक्का म्हणाली. "चीक आंबवा."

आता हे त्या ढेरपोट्याला माहीत नसणार. गव्हाचं पाणी तिसऱ्या दिवशी बदललं नाही की चीक जरा आंबूस होतो. कुरडईला ते चालत नाही, पण गोडाला तोच आंबूसपणा कामाला आला. वर दारातल्या झाडाचं एक लिंबूही पिळलं, कारण पोरीनं सांगितलं होतं. आणि आक्काच्या परसातल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या उकळून त्याचं पाणी केलं. मेडिकलमधलं गुलाबपाणी हे घेऊन आले होते. त्यानं मी तोंड धुतलं.

तिसरी खेप लग्नाच्या आदल्या आठवड्यात लावली. दारातल्या मांडवाखाली गॅसची मोठी शेगडी, त्यावर कल्हईचं पातेलं, हातात कुरडईच्या चिकाचाच लाकडी दांडा. चिकात पाक धारेनं ओतायचा आणि मग ढवळत राहायचं. थांबलं की गुठळी. अर्धा तास मी, अर्धा तास आक्का. चीक घट्ट होत जातो तशी दांड्याला धरून कुणीतरी आतून ओढतंय असं वाटतं. गुलाबाचा वास सुटला तो हायवेपर्यंत गेला. एका एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू केली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पुढं स्पीडब्रेकर होता, ती गोष्ट वेगळी.

दीड तासानं माझ्या हातून दांडा फिरेना. आक्का ओट्यावर टेकली होती. पातेल्यातलं अजून कडा सोडत नव्हतं. हे बाहेर गेले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही खेपही जाणार. आता थांबले असते तर अख्खं पातेलं गोठलं असतं.

लेकीच्या हातावर मेंदी नव्हती अजून, ती दोन दिवसांनी होती. ती आली, माझ्या हातातून दांडा घेतला आणि पाय रोवून उभी राहिली.

"सरक."

"तुला जमंल का?"

"लहानपणी कुणी शिकवलं मग?"

ती अर्धा तास ढवळत राहिली. घाम नाकावरून टपकत होता, मी पदरानं पुसत होते. एकदा दांडा वर उचलून तिनं बघितलं, पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, बोटानं गोळी केली, मान हलवली आणि परत ढवळायला लागली. कडा सुटली तेव्हा तिनंच ओरडून आक्काला परात आणायला लावली. कुरडयांचं मी विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात रुखवताचं टेबल लावलं. विणलेले रुमाल, मोत्यांचा गणपती, लाडू, करंज्या. मधोमध आमच्या वड्या, पितळी ताटात, पिठीसाखरेत लोळवलेल्या. कुरडयांचा डबा मी आणला होता, पण वधूपक्षाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला होता. शब्द दिला तो दिला.

वरपक्षाच्या बायका आल्या, पुढं आत्या. तिनं ताट बघितलं, एक वडी घेतली, चावली. दुसरी घेतली. तिसरी पदराआड गेली, मला दिसलं.

"विहीणबाई, पुण्याला कुठं मिळाली ही? मी आणलेल्यापेक्षा ताजी हाय."

माझ्या जिभेवर तोवर सतरा गोष्टी तयार होत्या. तुर्कस्तानचा आचारी आमच्या ऊसतोडीला आला होता, इथपर्यंत मी पोचले होते. तोंड उघडणार, तेवढ्यात मागून लेक आली. पिवळी साडी, हिरवा चुडा, मुंडावळ्या बांधायच्या बाकी.

"घरची हाय, आत्या. कुरडईच्या चिकाची."

"काहीतरीच."

"थांबा, दाखवते."

आणि ती नवरी, जिला दोन मावश्या धरून धरून चालवत होत्या, तरातरा खोलीत गेली आणि डबा कवेत घेऊन आली. मोत्यांचा गणपती तिनं एका बाजूला केला. एकेक कुरडई काढून रचायला लागली, खाली मोठ्या, वर लहान, पार नाकाच्या उंचीपर्यंत. फोटोवाला म्हणाला, "ताई, मागचं बॅनर झाकलं जातंय." ती म्हणाली, "झाकू दे."

आत्या बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल, आणि मी कंबर कसली. पण तिनं ढिगातली एक तुटकी कुरडई उचलली, तिची एक तार मोडली आणि तशीच तोंडात टाकली.

"लई दिवसांनी," ती चावत म्हणाली. "आमची आई घालायची."

"कच्ची नका खाऊ आत्या, दाताला लागंल," लेक म्हणाली. तिचे हात रचायचे थांबले नव्हते. "काष्टीला आले की तळून घालते. डबा बरोबर आणणार हाय मी."