अण्णांना ऐकू येईल असं संगीत

फोटो निवडून झाले होते, क्रमानं लावून झाले होते, खाली एकेक ओळ लिहूनही झाली होती. आता मागं फक्त संगीत घालायचं राहिलं होतं, आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. पुण्याला असलेल्या धाकट्या भावानं हॉल ठरवला, आचारी ठरवला आणि मला फोन करून सांगितलं की ताई, तू शाळेत रोज स्लाइड दाखवतेस, तेव्हा फोटोंचं तूच बघ. मी भूगोल शिकवते. नद्यांची खोरी आणि खडकांचे थर दाखवायला मी ढिगानं स्लाइड केल्या आहेत, पण खडकांना कुणी संगीत लावत नाही. शाळेला सुट्टी होती. मी पुंडलिकनगरमध्ये राहते आणि आई-अण्णांचं घर दोनच गल्ल्या सोडून आहे. दुपारचं जेवण झालं की लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं जायचं आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा, असा माझा आठवडा गेला.

संगीत कोणतं घालू, असं मी आईला विचारलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, तुला आवडेल ते घाल, ह्यांना कुठं ऐकू येतंय.

ते खरंच होतं. अण्णा बिडकीनजवळच्या शेतकरी घरातले. घरातून नोकरीला बाहेर पडलेले ते पहिलेच. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्रेस शॉपला काढली. पत्रा दाबून त्याला आकार देणारी ती अवजड यंत्रं, त्यांचा धाड धाड आवाज, आणि तो दिवसाचे आठ तास. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घालणाऱ्याची सगळे चेष्टा करायचे, म्हणून अण्णांनी ते कधी घातले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा निम्मं ऐकू येत होतं, पुढं तेही कमी होत गेलं. भावानं आणलेलं कानाचं यंत्र चष्म्याच्या रिकाम्या डबीत पडून असतं. ते लावलं की भांड्यांच्या दुकानात उभं केल्यासारखं वाटतं, अशी त्यांची तक्रार.

मी बासरी निवडली. संथ, गोड, कुणालाही चालेल अशी. ती पहिल्या स्लाइडला जोडली तर दुसरी स्लाइड येताच बंद पडायची. सगळ्या स्लाइडवर सलग वाजत राहावी यासाठी एक वेगळी खूण करावी लागते, हे कळायला मला एक दुपार लागली. जमलं तेव्हा मी दोघांना टेबलाशी बोलावलं. कागदासारखा पिवळा पडलेला लग्नातला फोटो, पहिल्या स्कूटरवर आईनं घट्ट धरलेली पिशवी, दसऱ्याला कारखान्याच्या गेटवर निळ्या कपड्यातले अण्णा, वेरूळच्या लेण्यांपुढं रडणारा माझा भाऊ. आईनं पदरानं डोळे टिपले. अण्णा शेवटपर्यंत नीट बसून बघत राहिले आणि म्हणाले, "छान केलंस. स्कूटरचं साल चुकलंय तेवढं."

मी विचारलं, "अण्णा, आवाज येतो का?"

"येतो की."

का कोण जाणे, मी हळूच आवाज पूर्ण बंद केला आणि पुन्हा विचारलं, "आता?"

"येतो," ते म्हणाले आणि हसले.

आईनं माझ्याकडं बघितलं. मला इतकी शरम वाटली की मी घाईघाईनं लॅपटॉप मिटला. वडिलांची परीक्षा घेतली याची शरम होतीच. पण 'येतो की' हे त्यांचं उत्तर मी कितीतरी वर्षं ऐकत आले होते आणि त्यावर विसंबून माझं बोलणं पुढं रेटत आले होते, हे त्या क्षणी लक्षात आलं. टेबलाशी बसून मी त्यांना शाळेतल्या किती गोष्टी सांगितल्या असतील आणि त्यातल्या किती त्यांच्यापर्यंत पोचल्या असतील?

त्यानंतर दोन दिवसांनी शेजारच्या प्लॉटवर बोअरवेलची गाडी आली. आमच्याकडं मे महिन्यात पाण्याची काय दशा असते हे सांगायला नको. सकाळपासून खोदाई सुरू झाली. सगळ्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या, आईनं डोक्याला फडकं बांधलं. अण्णा मात्र बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. मी चहा द्यायला गेले तर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती, मशीनच्या ठोक्याबरोबर, एकही ठोका न चुकवता.

मी समोर जाऊन बसले. ते म्हणाले, "आता खडक लागला. मघापर्यंत मुरूम होता."

मी भूगोलाची बाई, मला काही तो फरक कळला नव्हता. खाली जाऊन मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हो, आत्ताच खडक लागला.

वर येऊन मी अण्णांना सरळच विचारलं की तुम्हाला काय काय ऐकू येतं. असं मी याआधी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "जाड आवाज कळतो. मोटर कळते, ढोल कळतो. बारीक नाय कळत. तुझं बोलणं मी तोंडाकडं बघून वळखतो." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "त्यात काय. तुझं तोंड बघायला मला आवडतं."

मी बासरी पुसून टाकायचं ठरवलं. कोणतं वाद्य घालू, असं विचारल्यावर ते लाजले. बऱ्याच वेळानं सांगितलं की लग्नानंतर गावी गोंधळ घातला होता, देवीचा जागर, तेव्हा संबळ वाजलं होतं. ते संबळ त्यांना पोटात ऐकू आलं होतं. तेव्हा तर कानही चांगले होते.

बिडकीनच्या आत्याला, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली की तो संबळवाला म्हातारा गेला, पण त्याचा मुलगा वाजवतो. चाळिशीचा आहे, वाळूजला कामाला आहे, पहिली पाळी करून चार-साडेचारला घरी येतो. आत्यानं निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी मी अण्णांना गाडीत घालून त्याच्या गावी गेले.

तो नुकताच बसमधून उतरला होता. हातपाय धुऊन, पाणी पिऊन त्यानं संबळ काढलं. एक मोठं, एक लहान, अशी एकमेकांना बांधलेली दोन वाद्यं. मी फोन समोर धरला, त्यानं वाजवायला सुरुवात केली, अण्णांचा चेहरा उजळला. पण रेकॉर्डिंग लावून बघितलं तर त्यात नुसतं टणटण टणटण, मोठ्या संबळाचा घुमारा कुठंच नाही. फोन लांब ठेवून बघितला, जमिनीवर ठेवून बघितला. शेवटी त्यानं आतून कार्यक्रमात वापरायचा मोठा माइक आणला, तो मोठ्या संबळाच्या अगदी पोटाशी लावला, तेव्हा कुठं तो आवाज पकडला गेला.

मधल्या वेळात अण्णांनी त्याला कुठं काम करतोस म्हणून विचारलं. त्यानं त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश सांगितलं, "प्रेस शॉपला."

 अण्णांनी स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं. त्यानं खिशातून दोऱ्याला बांधलेले नारिंगी बोळे काढून त्यांच्या हातावर ठेवले. अण्णांनी ते बोटांनी दाबून बघितले आणि परत दिले.

"रोज घालत जा," ते म्हणाले. "कुणी हसलं तरी घाल. तुला वाजवायचंय."

तो म्हणाला, "व्हय काका, घालतो."

 परत येताना शहर जवळ येईपर्यंत अण्णांचा हात मांडीवर ठेका धरून होता.

खरी अडचण पुढं आली. मी फोटोंखाली संबळ घातलं आणि फाइल भावाला पाठवली. थोड्या वेळात भावजयीचा फोन, ताई, फोटो मस्त आहेत, पण गाणं कुठंय? आवाजाची फाइल माझ्याच लॅपटॉपवर राहिली होती आणि पुण्याला नुसते मुके फोटो गेले होते. सगळं एकत्र करून त्याचा व्हिडिओ केला तेव्हा आवाज पोचला, आणि मग भावाचा फोन आला. तो म्हणाला, ताई, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला संबळ? लोकांना वाटेल आपण गोंधळ घातलाय. मी त्याला अण्णांचं सांगितलं. आवाज बंद करून मी विचारलं होतं तेही सांगितलं. मग तो म्हणाला, लाव.

आईचा मात्र विरोध होता, आणि तिचं म्हणणं मला खोडता येईना. ती म्हणाली, "पन्नास वर्षं माझीपण झाली ना? मला बासरी आवडली होती. ती कुठं गेली?"

मी सगळा विचार अण्णांच्या बाजूनं केला होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलं होतं आणि तिनं नेहमीसारखं 'तुला आवडेल ते' म्हटलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी नेहमीसारखं ते खरं मानलं होतं. मी पुन्हा बसले. आईनं स्वतः खुर्ची ओढून फोटो वाटून दिले. गावचे, कारखान्याचे, स्कूटरचे फोटो संबळावर. आम्हा पोरांचे, घर बांधल्याचे, नातवंडांचे फोटो बासरीवर. "आधी ह्यांचं होऊ दे," ती म्हणाली, "मग माझं."

कार्यक्रम सकाळी अकराला होता. हॉलवाल्यानं मोठा स्पीकर कोपऱ्यात उंच स्टँडवर चढवून ठेवला होता. मी त्याला सांगितलं की तो खाली काढ आणि स्टेजच्या फळ्यांवर, अण्णांच्या खुर्चीशेजारी ठेव. तो म्हणाला, मॅडम, घुमेल. मी म्हटलं, घुमू दे. तो मान हलवत गेला, पण स्पीकर त्यानं आणून ठेवला.

फोटो सुरू झाले. पहिल्या ठोक्याला पुढच्या रांगेतल्या दोन बायका दचकल्या. अण्णा आधी लोकांकडं बघत होते, जसे ते प्रत्येक समारंभात बघतात, सगळे हसले की हसायचं. मग त्यांनी खाली फळ्यांकडं बघितलं. नव्या चपला काढून पाय लाकडावर टेकवले. टाच उचलून त्यांचा ठेका सुरू झाला आणि त्यानंतर त्यांनी लोकांकडं बघितलंच नाही. गेटवरचा निळ्या कपड्यातला फोटो आला तेव्हा ते एकटेच हसले, बाकी कुणाच्या आधी.

संबळ थांबलं. बासरी सुरू झाली. ते आईकडं वळून म्हणाले, "संपलं?"

आई त्यांच्याकडं पूर्ण वळली, ओठ नीट हलवत म्हणाली, "नाय. आता माझं चालू झालं."

त्यांनी मान डोलावली. उरलेला सगळा वेळ ते एकदा पडद्याकडं आणि एकदा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती हसली की ते हसायचे. तिनं डोळे पुसले तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला.

जेवणाच्या पंगतीत येसराची आमटी वाढत असताना आत्यानं संबळ पुन्हा लावायला लावलं आणि पंच्याहत्तरीच्या त्या बाईनं दोन टेबलांच्या मधल्या जागेत पावलं टाकली. भावानं ते सगळं फोनवर घेतलं. गोंधळ घातल्यासारखं वाटेल म्हणणारा तोच होता.

फोटोंचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. अण्णांनी मला सांगितलं की तो त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनाही पाठव. मी पाठवला. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, पण मला माहीत होतं की फोनमधून त्यांना काही कळलं नसणार. एकाच शॉपमधली माणसं, कान सगळ्यांचे तसेच. म्हणून मी अण्णांना म्हटलं, त्यांना घरीच बोलवा.

एका दुपारी चार जण आले. भाऊ जाताना ठेवून गेलेला त्याचा मोठा स्पीकर मी बाहेरच्या खोलीत फरशीवर ठेवला. अण्णांनी प्रत्येकाला चपला-मोजे काढायला लावले आणि स्पीकरच्या भोवती खुर्च्या मांडून बसवलं. पाच म्हातारे, पाच जोड्या अनवाणी पाय फरशीवर. मी आवाज वाढवला. भिंतीवरचं घड्याळ थरथरायला लागलं. एक जण दाराकडं तोंड करून बसला होता, तो खुर्चीसकट वळला. दुसऱ्यानं अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "आलं रे, आलं."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. संपल्यावर ते सगळे एकदम बोलायला लागले, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं आणि त्यानं काही अडत नव्हतं. मग अण्णांनी माझ्याकडं बघून बोट गोल फिरवलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.