दोरीवाल्याचं घड्याळ

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. बावीस वर्षं त्यानं बंदराच्या धक्क्यावर पाणबुड्यांची दोरी धरली, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. पाण्यात उतरणारा शूर असतो, हे कुणीही सांगेल. पण खालच्या गाळात त्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, आणि तेव्हा त्याचा जीव वर कोरड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीत असतो, हे फक्त खाली जाऊन आलेल्यांना ठाऊक असतं. धक्क्यावर नवऱ्याला सगळे दोरीवालाच म्हणतात.

काम ऐकायला सोपं. जितकं खोल, तितकी कमी मिनिटं. ठरल्यापेक्षा जास्त थांबलं आणि तसंच वर आलं, तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस कायमचा अधू होतो, नाहीतर मरतो. म्हणून दोरीवाल्याच्या मनगटावर घड्याळ असतं आणि घड्याळाभोवती फिरणारी कडी. त्यांच्यात एक रीत आहे. उतरण्याआधी पाणबुड्यानं ती कडी स्वतःच्या हातानं लावायची, म्हणजे वेळ त्यानं मोजायला दिली. पुढची राखायची दोरीवाल्यानं. मिनिटं भरली की दोरीला चार झटके द्यायचे. चार झटके म्हणजे वर ये, खाली सोनं सापडलं तरी वर ये. पाणबुड्याच्या डोक्यावरच्या टोपात टेलिफोन असतो म्हणे, पण कंपनीचा टेलिफोन चालू असल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

बावीस वर्षांत त्यानं किती माणसं वर काढली ते तो सांगत नाही. मला एवढंच माहीत, की त्याच्या तळहाताला दोरीचे घट्टे पडले आहेत आणि घरात भात लावला तरी तो घड्याळ बघून उभा राहतो. मी म्हणायची, "अहो, कुकर आहे तो, पाणबुड्या नाही." तरी हलायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या दोरीवर माझा धाकटा भाऊ होता. त्याला लहानपणापासून सगळे मासा म्हणतात, कारण आई आंघोळीला बोलवायची आणि हा बादलीतून बाहेरच यायचा नाही. त्या दिवशी धक्क्याखालची लोखंडी जाळी बसवायची होती. मिनिटं होती पंचवीस. मासा खाली राहिला छत्तीस. वर आला, टोप काढला, हसला, अर्धा पाव खाल्ला आणि उठायला गेला तो कोसळलाच. डावा पाय कमरेपासून बधिर. दवाखान्यात दीड महिना काढला. आता काठी घेऊन चालतो, आणि पायात चप्पल आहे की नाही हे त्याला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. बत्तीस वर्षांचा आहे तो.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, दोरीवाल्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे पडलं. नवऱ्यानं होकाराची मान हलवली. चौकशीच्या साहेबानं लिहिलं, घड्याळात दोष, माणसांचा दोष नाही. माशाला थोडी भरपाई मिळाली आणि फाइल बंद झाली. कंपनीनं दिलेलं ते स्वस्तातलं प्लास्टिकचं घड्याळ, त्याच्यावर अविश्वास ठेवायला कुणाला पुरावा लागतो? कुणी ते उघडूनही पाहिलं नाही. एका पिशवीत गाठ मारून ते नवऱ्याला परत दिलं आणि त्यानं ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर मागे सारून ठेवलं.

मी त्या घड्याळाला आणि कंपनीला इतक्या शिव्या दिल्या आहेत, की शेजारणीनं एकदा विचारलं, "कोण आलंय गं घरी?" मी म्हटलं, कुणी नाही, मी कपाटाशी बोलतेय.

पण घड्याळाला दोष देऊन भागलं नाही. दोरीवाला मागे पडलेल्या घड्याळावर विसंबला, हे पाणबुड्यांच्या मनातून जाईना. एक म्हणाला, माझी दोरी दुसऱ्या कुणाला द्या. मग दुसराही म्हणाला. नवऱ्याला कोठारात बसवलं, टोप पुसायला आणि नळ्या गुंडाळायला. पगार तोच. पण ज्या माणसाच्या हातात बावीस वर्षं दुसऱ्याचा जीव होता, त्याच्या हातात फडकं आलं. तो जेवताना बोलेनासा झाला. मला वाटलं, दोरी परत मिळाली की माणूस परत मिळेल. मी धक्क्यावर जाऊन मुकादमाशी भांडलेही. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, मी काय करू? स्वतःचं भरवशाचं घड्याळ आणू दे त्याला, मी पोरांना समजावतो."

हे मी माशाला सांगितलं आणि त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. भरपाईच्या पैशातून भावोजींना घड्याळ घ्यायचं, आणि घ्यायचं तर स्विसच, पाणबुड्यांचं, ज्याचं मासिकातून कापलेलं चित्र त्यानं आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. "ताई, ते घड्याळ मनगटावर दिसलं ना, की धक्क्यावरचा एक माणूस तोंड उघडणार नाही."

मी म्हटलं, "अरे, नाकापेक्षा मोती जड होईल."

"होऊ दे. माझा पाय गेला, भावोजींचं नाव तरी येऊ दे परत."

नवरा नको म्हणाला. चार वेळा नको म्हणाला. शेवटी ओरडला, "मला नकोय ते! कोठारात बरा आहे मी!" मी म्हटलं, माणूस किती भिडस्त असावा. बहिणीच्या नवऱ्यासाठी भाऊ आपल्या पायाचे पैसे काढतोय आणि हा मानानं घेतसुद्धा नाही. मीच त्याला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर काढला. आणि निघताना, काय सुचलं देव जाणे, स्टुलावर चढून ती पिशवीही घेतली. त्या मोठ्या दुकानात काचेवर ते प्लास्टिक आपटायचं आणि म्हणायचं, हे बघा, ह्यानं माझ्या भावाचा पाय खाल्ला, आता असं द्या जे खाणार नाही. गाठ सोडून पाहिलं तर ते निर्लज्जासारखं टिकटिकत होतं. मी ते तसंच पर्समध्ये कोंबलं.

दुकानात एवढा थंडावा होता की मला आधी त्याचाच राग आला. विक्रेत्यानं आमच्याकडे पायांपासून बघायला सुरुवात केली. माशाच्या काठीपाशी थांबला, मग म्हणाला, "बघायचंय की घ्यायचंय?"

"तुम्हाला दाखवायचंय की आम्हाला तोलायचंय?" मी विचारलं. मग त्यानं हातमोजे घातले.

निळ्या मखमलीवर त्यानं ते घड्याळ ठेवलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. पोलादी, जड, काळ्या तबकडीवर पांढरे ठसठशीत ठिपके. "तीनशे मीटर पाण्याखाली चालतं," विक्रेता म्हणाला. "तुमच्यापैकी कोण उतरतं?"

"मी उतरायचो," मासा म्हणाला. "पण हे माझ्या भावोजींना. ते वरच असतात."

विक्रेत्याला कळेना की कोरड्यात उभ्या माणसाला तीनशे मीटरचं काय करायचंय. तरी धंदेवाईक माणूस, त्यानं कडी फिरवून दाखवली. "ही एकाच दिशेनं फिरते. धक्का लागला तरी उरलेली वेळ कमीच दिसेल, जास्त कधीच नाही. म्हणजे चुकलं तरी माणूस लवकर वर येतो."

"आमच्या जुन्याचीही अशीच होती," मासा म्हणाला. तो कौतुकानं घड्याळ न्याहाळत होता. नवरा मात्र दाराकडे बघत होता.

मी संधी साधली. पर्समधून जुनं काढलं आणि काचेवर ठेवलं. आपटलंच. "हे बघा. अर्ध्या तासात अकरा मिनिटं मागे पडलं हे. तुमचं पडणार नाही ना?"

आत भिंगाशी बसलेला म्हातारा घड्याळजी आवाज ऐकून बाहेर आला. त्यानं ते हातात घेतलं, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा ह्याच्याकडे पाहिलं. "ह्याची वेळ शेवटची कधी लावली होती?"

"आठ महिने गाठीत होतं," मी म्हटलं. "गाठ मीच आज सोडली."

"आठ महिन्यांत हे दीड मिनिट पुढे गेलंय, बाई. पुढे. मागे नाही." त्यानं ते आत नेलं, यंत्रावर लावलं आणि परत आणून माझ्यासमोर ठेवलं. "सेलवरचं घड्याळ एकतर चालतं, नाहीतर थांबतं. अर्ध्या तासात अकरा मिनिटं खाऊन पुन्हा सरळ चालायला लागलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. ह्याला काही झालेलं नाही. वापरा खुशाल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी भांडायला आणलेलं घड्याळ माझ्याच घरावर उलटलं होतं. माशानं मान वळवली. "भावोजी?"

नवऱ्यानं दाराकडची नजर काढून काचेवरच्या जुन्या घड्याळावर आणली. मग एकदम बोलला, विक्रेत्यासमोर, घड्याळजीसमोर, आणि इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"जहाज लागायचं होतं. जाळीची शेवटची साखळी राहिली होती. मुकादम म्हणाला, पाच मिनिटं थांब. थांबलो. पुन्हा म्हणाला, अजून पाच. काटा मला दिसत होता."

"आणि चौकशीत?" माशानं विचारलं.

"तो म्हणाला, घड्याळावर ढकलू. घड्याळाला बायकापोरं नसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आठ महिने त्या फाशीचा दोर मीच ओढत होते! ज्या मुकादमाशी मी नवऱ्यासाठी भांडले, तो हात जोडून मलाच स्वतःचं घड्याळ आणायला सांगत होता. आणि हा माणूस माझ्या हातचं जेवत होता, माशाच्या घरी जाऊन त्याच्या पायाला तेल लावत होता, आणि गप्प होता. मी त्या थंड दुकानात काय काय बोलले ते मला आठवत नाही. विक्रेत्यानं घड्याळ मखमलीसकट मागे ओढून घेतलं, एवढं आठवतं.

मासा ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "खाली मला वाटत होतं की वेळ झाली. अंगाला कळतं, भावोजी. दोनदा वाटलं, निघावं. मग म्हटलं, झटके आले नाहीत अजून. वर भावोजी आहेत. म्हणून मी माझ्या अंगाचं ऐकलं नाही."

घड्याळ घेतलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "चौकशीसाहेबाकडे चला. आत्ता."

"नोकरी जाईल."

"त्याचा पाय गेला!"

रिक्षात तिघे एकमेकांना चिकटून बसलो. साहेबानं आधी टाळाटाळ केली, फाइल बंद आहे म्हणाला. मी त्याच्या टेबलावर ते प्लास्टिकचं घड्याळ ठेवलं आणि घड्याळजीचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. मग त्यानं कागद घेतला.

"वेळ झाल्याचं तुम्हाला कळत होतं?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

"हो."

"मग झटके का नाही दिले?"

"मुकादम थांब म्हणाले."

साहेब लिहिता लिहिता थांबला. "दोरी मुकादमाच्या हातात होती?"

नवऱ्यानं आपले दोन्ही तळहात टेबलावर ठेवले होते. तो त्यांच्याकडेच बघत होता. माझ्या मनात आलं, आता तरी म्हण, हो, त्याच्या हातात होती, सुटशील. एवढ्या रागातही मला तो सुटायला हवा होता, ह्याची मला लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या."

साहेबानं ते लिहिलं आणि कागद पुढे केला. नवऱ्यानं सही केली. मुकादमाला उद्या बोलावतो, म्हणाला साहेब, आणि दोरी परत मिळायचं आता विसरा. नवरा म्हणाला, विसरलो.

बाहेर अकरा पायऱ्या होत्या. दवाखान्यातून आल्यापासून पायऱ्या आल्या की नवरा माशाला धरायचा. तसाच त्यानं हात पुढे केला. माशानं त्या हाताकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं.

"नको भावोजी," तो म्हणाला. "ताई, तू धर."

मी धरलं. एकेक पायरी उतरत आम्ही खाली आलो. नवरा मागून येत होता, एकटा, आमच्यापेक्षा हळू. त्याची पावलं मला ऐकू येत होती. वळून बघावंसं मला फार वाटलं. बघितलं नाही.