पुली कुरकुरते, उत्तर मात्र नऊ पॉइंट आठ

सत्त्याण्णव साल, नाशिक, कॉलेजची फिजिक्स लॅब. सरांनी माझं जर्नल असं भिरकावलं की ते थेट सिंकपाशी जाऊन पडलं. "सात? 'जी' कधी सात येतो का? नऊ पॉइंट आठ करून आण, मग सही."

आजही आठवलं की डोकं फिरतं माझं...

प्रयोग तसा साधा. पुलीवरून दोरा, एका टोकाला दोनशे दहा ग्रॅम, दुसऱ्याला एकशे नव्वद. जड बाजूला एक मीटर खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून प्रवेग काढायचा आणि प्रवेगावरून गुरुत्वाकर्षणाचा तो 'जी'.

पुस्तकाप्रमाणे वजन दोन सेकंदांत खाली यायला हवं. आमचं घ्यायचं दोन पॉइंट चार, कारण पुली गंजलेली. हाताने फिरवली तरी कुरकुरायची मेली! घर्षण जास्त म्हणून प्रवेग कमी, म्हणून 'जी' सात. हे सगळं मी पानाच्या शेवटी चार ओळींत लिहिलंही होतं. पण वाचतो कोण?

बाकीची बॅच काय करायची, तर सिनियरचं जर्नल आणायची, आधी उत्तर लिहायची नऊ पॉइंट आठ, आणि तिथून उलटं येत रीडिंग जुळवायची. वजन न टांगताच प्रयोग पूर्ण! आणि त्यांना धडाधड सह्या. सही नाही तर जर्नल सर्टिफाय होत नाही, ते नाही तर परीक्षेला बसता येत नाही... म्हणजे खरं लिहिलं म्हणून माझंच वर्ष जाणार. हा कुठला न्याय?

माझी पार्टनर शोभा, सिन्नरहून रोज एसटीने यायची. स्टॉपवॉच तिच्याच हातात होतं, त्यामुळे उत्तर सात येतं हे तिलाही माहीत होतं. पण तिनेही जुळवून टाकलं. वर्ष गेलं तर घरचे लग्न उरकून टाकतील, म्हणायची. तिची सही झाली होती.

मी मात्र हट्टाला पेटले. "सर, तुम्हीच करून दाखवा ना," म्हटलं. सर तावातावाने उठले, वजनं टांगली... दोन पॉइंट चार. परत केलं, दोन पॉइंट तीन. तिसऱ्यांदा पुन्हा दोन पॉइंट चार. मग रुमाल काढून घाम पुसला आणि माझ्या पानावर सही ठोकली.

जिंकले की मी! मान ताठ करून वळणार, तेवढ्यात शोभा पुढे आली. सही झालेलं आपलं पान तिने सरांसमोर टर्रकन फाडलं. "माझं खोटं हाय सर. पुन्हा लिहून आणते."

"अगं, वेड लागलंय का? परत सही मिळेलच असं नाही!" सर ओरडले.

"नाय मिळाली तर नाय," ती म्हणाली.

सरांनी तिला आठवडाभर ताटकळत ठेवलं आणि अगदी शेवटच्या दिवशी सही दिली. त्याचाही राग आहेच मला.

पण खरं सांगू? मी भांडले, कारण माझी सही अडली होती. आधीच मिळाली असती तर मी तोंड उघडलं असतं का, देव जाणे. शोभाला तर मिळाली होती.