गाणाऱ्याकडे पाठ

सिद्रामप्पांच्या गाण्याच्या खोलीत खुर्ची एकच असायची. समोर कपाटाएवढे दोन स्पीकर, आणि सुताने मोजून दोघांच्या बरोबर मधोमध ती खुर्ची. रविवारी सकाळी आम्ही गल्लीतले चार-पाच जण पायरीवर रांगेत बसायचो, दाढीला नंबर लावल्यासारखे. एकाचं गाणं संपलं की दुसरा आत. अप्पा म्हणायचे, "दोन कान, दोन डबे. समद्यांनी येकदम बसाया हे काय मंगल कार्यालय हाय व्हय?"

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते माग दुरुस्त करायचे. सगळे माग खडखडत असताना नेमका कुठला रुसलाय, हे दारातूनच सांगायचे. असल्या कानांना सुधारायला कोण निघालं? मी. शाळेत ध्वनीचा धडा शिकवतो ना!

मी माझ्या घरी पाच स्पीकरांचा संच आणला. अप्पांच्या एका डिस्कवर तेच गाणं दोन्ही तऱ्हांनी होतं: दोन स्पीकरांचं स्टीरिओ आणि चहूबाजूंनी घेरणारं सराऊंड. गल्ली सोफ्यावर बसवली, अप्पांना मधे खुर्ची दिली. गाणं सुरू झालं. अप्पा चुळबुळले, उठले, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"अप्पा, हे काय?"

"गानारा मागं बसलाय की. त्येच्याकडं पाठ करून कसं बसायचं? आन् टाळ्या म्होरनं येत्यात."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. "यालाच सराऊंड म्हणतात, अप्पा! तुम्ही मंचावर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून बसलाय असं समजा." मग फळा नसताना दहा मिनिटं तास घेतला. गल्लीने माना डोलावल्या. अप्पांनी खुर्ची निमूट सरळ केली.

सोमवारी धूळ पुसताना दिसलं: पुढच्या स्पीकरांच्या वायरी मागच्यांना, मागच्यांच्या पुढच्यांना. पाचवा तर जोडायचाच राहिलेला. गुपचूप दुरुस्त केलं. उगाच बभ्रा कशाला?

पुढच्या रविवारी अप्पांच्या पायरीवर कोणी नाही, दारात टेम्पो. अप्पांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामा कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणतात कान चांगलेत, पण हे ऐकतात कुठं? गल्लीला नीट ऐकू आलं, मलाच उलटं आलं, म्हणतात. स्पीकर जावयाला देऊन टाकतायत."

आत अप्पा स्पीकरला चादर गुंडाळत होते.

"अप्पा, वायरी उलट्या होत्या. मीच जोडल्या होत्या."

"हौदेन्री? खरं?" त्यांचा हात थांबला. "कवा कळलं?"

"सोमवारी."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "म्हंजे मास्तर, तुमच्या लाजेपायी सा दिस मी भैरा हुतो."

 अप्पांनी चादर सोडवली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी तिची घडी घातली. मग ते खिडकीतून ओरडले, "ओ टेम्पोवाले, रिकामं कशाला जाताव? ह्या मास्तरांच्या घरातले पाच डबडे भरा!"

सर्वांत जड डबडं मी स्वतः उचलून दिलं.