ब्रेकच्या पेडलवरचा गंज

रिक्षाच्या ब्रेकच्या पेडलला कुठल्या छटेचा गंज द्यावा, यात माझी अख्खी दुपार गेली. भरतभाई दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते वैतागूनच.

"विलासभाई, बिल्डरनुं मॉडल बाकी छे ने? रिक्शामां शुं टाइम बगाडो छो?"

"आज संपतंय," मी म्हणालो.

भरतभाईंच्या सुरतच्या स्टुडिओत मी मॉडेलमेकर आहे. आमचं मुख्य काम बिल्डरांचं. पांढरे टॉवर, हिरवा स्पंज कापून केलेली झाडं, निळे स्विमिंग पूल. बिल्डरच्या मॉडेलला म्हातारपण नसतं. त्यामुळे सुरतेतल्या लिंबायत या खानदेशी वस्तीतून ज्योती नावाची मुलगी आली आणि "माझ्या वडिलांची रिक्षा हुबेहूब करून द्या" म्हणाली, तेव्हा मी हरखलो. वडिलांना, म्हणजे आप्पांना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवा पाय गेला होता. पलंगाच्या पायथ्याशी त्यांनी भिंतीला टेकवून एक वीट ठेवून घेतली होती आणि रोज त्या विटेवर ते पाय दाबायचे. ब्रेक दाबता आला की पुन्हा धंद्यावर जाणार, असं म्हणायचे. समोर रिक्षा दिसली तर आणखी हुरूप येईल, असं ज्योतीला वाटत होतं. तिने मोबाइलमधले फोटो दिले. आणखी काही बोलली नाही.

जुनं दिसणारं मॉडेल करायची खरी करामत म्हणजे ड्रायब्रशिंग. ब्रश रंगात बुडवायचा आणि जवळजवळ सगळा रंग कापडावर पुसून टाकायचा. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही, पण त्या पॉलिस्टरच्या, रंग पीत नाहीत. मी घरचं जुनं सुती बनियन वापरतो. ब्रश कोरडा झाला की मॉडेलवरून हलकेच फिरवायचा. उरलासुरला रंग फक्त कडांना आणि उंचवट्यांना लागतो, खाचा तशाच राहतात. जिथे रोज हात-पाय घासतात तिथे चंदेरी रंग, जिथे कोणी शिवत नाही तिथे गंजाचा.

आता रिक्षात सगळ्यात जास्त घासतं ते ब्रेकचं पेडल. ते चकचकीतच असायला हवं. फोटोत मात्र ते तांबूस, खरबरीत दिसत होतं. मला नवल वाटलं. पण आमच्या धंद्यात फोटो म्हणजे कायदा. मी पेडल गंजवलं, दारांच्या खालच्या कडा गंजवल्या, हँडलच्या मुठींवर धूळ बसवली. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं होतं.

आप्पांचा आनंद बघायला मिळावा म्हणून ज्योतीबरोबर मी स्वतःच लिंबायतला गेलो. आप्पा पलंगावर होते, पाय विटेवर. रिक्षा बघून त्यांचा चेहरा फुलला. डाव्या हाताने टपावरून बोट फिरवलं, नंबर वाचला, पुढची काच निरखली. मग रिक्षा डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"ज्योती, मनी रिक्षा कोठे शे?"

"सांगितलं ना आप्पा. शिरपूरले. दादा चालवतो."

"चालती गाडीना ब्रेक असा गंजस नही."

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला उमगलं, पण फार उशिरा.

"कधळपासून उभी व्हती?" आप्पांचा आवाज चढला नव्हता.

"तुम्ही पडनात तधळपासून," ती रडायलाच लागली. "गल्लीतच उभी व्हती. मंग भंगारवाला लई गया. त्याच दिवशी फोटो काढले मी."

शिरपूरच्या चुलतभावाची गोष्ट तिने बापाला उभारी यावी म्हणून रचली होती. मी ती ब्रशने पुसून टाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, पेडल मी आत्ता चकचकीत करून देतो," मी म्हणालो. "थोडा चंदेरी रंग लावला की झालं."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमनं काम चांगलं शे. समदं खरं शे."

एवढी शाबासकी मला कोणत्याच बिल्डरने दिली नाही. आणि कोणाची इतकी नकोशीही झाली नाही.

पुढे ज्योतीचा फोन आला. रिक्षा कपाटावर ठेवली आहे म्हणाली. आप्पा रिक्षावरून चिडत नाहीत.

"आणि व्यायाम?" मी विचारलं.

"वीट मी दाराला लावली, काका. वाऱ्याने आपटायचं ते."

आता जुन्या वस्तूचं काम आलं की फोटो बघण्याआधी मी विचारतो, हे बघणार कोण, आणि त्याला काय सांगितलंय? भरतभाई म्हणतात, गिऱ्हाइकाला इतके प्रश्न विचारायचे नसतात. मी विचारतो. गंज काय, मागाहूनही लावता येतो.