आनंदाचं पांढरं

साठ-बासष्टची गोष्ट. इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात मी नोकरीला होतो. एका दुपारी एक गृहस्थ बायकोला आणि मुलीला घेऊन आले. स्वच्छ धोतर, काखेत छत्री. गादीवर ऐसपैस मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पांढरं पातळ दाखवा."

मी बिनकाठाची पातळं पुढे टाकली. आमच्याकडून ती विधवा बायका नेत. मुलीनं मान खाली घातली. गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी एकेक पातळ नीट घडी करून माझ्याकडे सरकवलं.

"हे दुःखाचं पांढरं हाय, भाऊ. मले आनंदाचं पाहिजे. पोरीचं लग्न हाय, बुद्धाच्या रीतीनं."

मी ओशाळलो. वरच्या फळीवरून जरीकाठाचं शुभ्र पातळ काढलं.

त्यांची बायको हळूच म्हणाली, "अवो, एक हिरवं घ्या न संग. लोकं काय म्हणतीन?"

"नेसणार पोरगी हाय. तिलेच विचार न," ते म्हणाले.

मुलगी उठली. पदर खांद्यावर घेऊन आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. "हेच पाहिजे," ती म्हणाली.

आई जवळ गेली, तो पदर तिच्या डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "नवरी दिसते वं माही पोरगी."

पुढच्याच महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. तिचा शालू मी एकट्यानंच निवडून बांधून ठेवला होता. त्या संध्याकाळी तो सोडून पुन्हा फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तिला दुकानात घेऊन आलो.